कॉलेज बास्केटबॉलमध्ये समोरची टीम किती तगडी आहे हे सामन्याआधी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या कॉलेजची गाठ ज्या टीमशी आहे ती सामन्याला सरासरी ५८ गुणच देते, तर तिचा बचाव अभेद्य समजायचा का? मुळीच नाही. ही सरासरी दाखवून घाबरवणाऱ्याने तक्ता पाहिलेला असतो, खेळ नाही. असा एक नग आमच्या नात्यातच आहे. माझा साडू.

साडू व्हर्जिनिया विद्यापीठाचा, मी बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसीचा. मार्च २०१८ मध्ये एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत दोन्ही टीम समोरासमोर आल्या. ते अव्वल मानांकित, आम्ही सोळावे, म्हणजे गटात शेवटचे. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर अशा १३५ सामन्यांत सोळाव्याने एकदाही बाजी मारलेली नव्हती. सामना बघायला आम्ही त्याच्याचकडे जेवायला. ताटावर बसल्या बसल्या सुरुवात, "तुमची यूएमबीसी बुद्धिबळातली ना? मग पटावरच राहायचं की!" (बुद्धिबळात आम्ही एकेकाळी खरंच दादा होतो, पण ते असो.) मग लॅपटॉप उघडून सरासरी दाखवली. व्हर्जिनिया देशात सगळ्यांत कमी गुण देणारी, सामन्याला ५४च्या आत. आणि आम्ही? जानेवारीत ऑल्बनीकडून ८३-३९ असे धुतले गेलेलो.

मी म्हटलं, साडूभाऊ, तुमची पोरं ३० सेकंदांचं घड्याळ संपत आल्याशिवाय बास्केटकडे बघतसुद्धा नाहीत. समोरच्याला चेंडूच साठेक वेळा मिळणार, तर गुण कमी होणारच! शंभर पझेशनमागे, म्हणजे समोरच्याला चेंडू शंभर वेळा मिळाला तर, किती देता ते सांगा. शिवाय तुमचा पॅक-लाइन बचाव रिंगजवळ गर्दी करतो आणि बाहेरून मारायला जागा सोडतो. आमचं पोटच तीन गुणांच्या फेकीवर. तुमचा डिआंद्रे हंटर मनगट मोडून बाहेर बसलाय, ते तुमच्या तक्त्यात कुठंय? ऑल्बनीचा मार जानेवारीतला. मार्चमध्ये त्याच पोरांनी व्हरमाँटला त्यांच्याच घरी हरवलं, अगदी शेवटी आमच्या जायरस लाइल्सने मारलेल्या तीन गुणांवर.

मध्यंतराला २१-२१. साडू निवांत. उत्तरार्धात आम्ही ५३ केले. मागे पडल्यावर त्या संथ टीमला वेग आणताच येईना. आमचे तीन गुणांचे २४ पैकी १२ आत, त्यांचे २२ पैकी ४. लाइल्सचे एकट्याचे २८. शेवट ७४-५४, आणि श्रीखंड वाढायला कोणी उठलं नाही.

साडू अजून म्हणतो, "असतो एखादा दिवस." २०१९ला व्हर्जिनिया विजेती ठरली तेव्हा मुद्दाम फोन करून "शेवटी कोण?" विचारलं. अहो, वाद विजेतेपदाचा नव्हताच, वाद त्या सरासरीचा होता!

तुमच्यापुरतं सांगायचं तर ५८ गुण ६० पझेशनमध्ये दिले असतील तर शंभरामागे ९७ पडतात, ७० मध्ये दिले असतील तर ८३. पहिली टीम बरी, दुसरीला घाबरा. शेवटचे पाच-सहा सामनेच बघा, कोण जखमी आहे ते बघा, आणि त्यांना हरवणाऱ्यांनी गुण आतून केले की बाहेरून, ते तर बघाच. चेंडू कोण जास्त घालवतं आणि चुकलेल्या फेकीचा चेंडू परत कोण मिळवतं हेही महत्त्वाचं, पण त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

हां, एक राहिलंच. व्हर्जिनिया शंभर पझेशनच्या हिशोबातही देशात अगदी वरच्या नंबरांत होती, आणि आम्ही पुढच्याच सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ५०-४३ हरलो. त्यामुळे या सगळ्यावर पैज वगैरे लावू नका. आणि हा परिच्छेद साडूच्या नजरेस पडला तर मी लिहिलेला नाही.