प्राण्यांबद्दल नेटवर वाचलेली माहिती खरी की थाप, हे कसं तपासायचं?

गरुडाच्या त्या फॉरवर्डचंच उदाहरण घ्या. चाळिशीत तो डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून फोडतो, नखं-पिसं उपटतो आणि पाच महिन्यांनी नवाकोरा होऊन आणखी तीस वर्षं जगतो, ही गोष्ट मलाही दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी पाठवतंच.

असं काही आलं की मी आधी विचारतो, हे कळलं कुणाला आणि कसं? एकच गरुड सत्तर वर्षं ओळखणार कसा? रानातल्या पक्ष्याचं वय खात्रीने कळतं ते पायात घातलेल्या नंबराच्या वाळ्यावरून. बाल्ड ईगल म्हणतात त्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचा असा एक गाजलेला विक्रम ३८ वर्षांचा. १९७७ साली वाळं घातलेला तो पक्षी २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीची धडक बसून मेला. म्हणजे विक्रमवीरालाही चाळिशी दिसली नाही! चोच म्हणजे हाडावरचं केराटिनचं (आपली नखं ज्याची असतात त्याचं) कवच. नखासारखं ते झिजतं, वाढतं. पण चोच हाडासकट फुटली तर परत येत नाही आणि पाच महिने उपाशी राहिलेला गरुड जगणार कसा? पिसं तर अशीही थोडी थोडी झडून नवी येतातच. हे सगळं आमच्या ग्रुपवर लिहिलं तर काका म्हणाले, "अरे, भावार्थ घे." असो.

"पण दहा साइटवर तेच लिहिलंय" याला काही अर्थ नसतो. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावर घुसडलं की कोआटीला (अमेरिका खंडातला, रॅकूनच्या कुळातला एक प्राणी) 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात. आर्डवार्क हा आफ्रिकेतला मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी, कोआटीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरी ते नाव ब्रिटिश वृत्तपत्रांत छापून आलं, एका विद्यापीठाच्या प्रकाशनाच्या पुस्तकातही गेलं. आणि कहर म्हणजे पुढे विकिपीडियावर त्याच वाक्याला पुरावा म्हणून वृत्तपत्राचा लेख जोडला गेला. म्हणून साइट मोजू नका, पहिल्यांदा कोण म्हणालं ते शोधा. गूगल स्कॉलरवर (तिथे शोधनिबंध सापडतात) प्राण्याचं शास्त्रीय नाव टाकलं की फॉरवर्डांचा कचरा बराचसा गळून पडतो.

आकड्यांत मात्र मी स्वतः फसलोय. चित्ता ताशी १२० किलोमीटर धावतो असं बरीच वर्षं छातीठोक सांगायचो. बोत्स्वानातल्या पाच रानटी चित्त्यांना वेग मोजणारी कॉलर लावून ३६७ धावा नोंदवल्या, तो अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात सर्वाधिक वेग निघाला ताशी ९३ किलोमीटर, आणि बहुतेक धावा त्याच्या जवळपासही नव्हत्या. तेव्हा आकडा दिसला की बघा, किती जनावरं मोजली, रानातली की पाळलेली, आणि तो वेग सरासरी आहे की एकदाच गाठलेला.

फोटोचं काम सोपं आहे. गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणारी गूगलची सोय) टाका, जुना फोटो नव्या कथेला चिकटवलेला असेल तर बहुतेक वेळा लगेच सापडतो.