सिद्ध वैद्यक शिकवायला निघालेल्या विद्यार्थिनीस

पुणे

प्रिय मुली,

तुझे पत्र पोहोचले. गुणपाडम् म्हणजे तमिळ परंपरेच्या सिद्ध वैद्यकातल्या औषधद्रव्यांच्या विषयात एम. डी. पूर्ण करून तू तमिळनाडूतल्या सिद्ध महाविद्यालयात शिकवू लागलीस आणि पहिल्याच वर्षी अभ्यासक्रमाच्या समितीत तुला घेतले, हे वाचून फार आनंद झाला. मी सिद्ध वैद्य नाही. आयुष्यभर आयुर्वेदाच्या महाविद्यालयात द्रव्यगुण शिकवले, एवढाच माझा अधिकार. तरीही तू विचारलेस की ज्या विद्येला अगस्त्य, तिरुमूलर, बोगर या सिद्धपुरुषांची परंपरा आहे तिला विद्यापीठाने नव्याने काय द्यावे. त्यावर मी बराच विचार केला, आणि माझे उत्तर एका शब्दाचे आहे: नोंद.

आधी थोडा मागचा रस्ता पाहा. मद्रासमध्ये 1925 साली देशी वैद्यकाचे सरकारी विद्यालय निघाले, त्याचे पहिले प्राचार्य कॅप्टन जी. श्रीनिवासमूर्ती होते आणि तिथे आयुर्वेद, सिद्ध व युनानी एकाच छताखाली, पाश्चात्त्य शारीरशास्त्राच्या जोडीने शिकवले जात. हेतू अतिशय चांगला होता. पण मिश्र अभ्यासक्रमात ज्या बाजूला पुस्तके, प्रयोगशाळा आणि नोकऱ्या अधिक, तिकडे विद्यार्थी झुकणारच. पुढे 1960 साली त्याच संस्थेच्या जागी मद्रासमधल्याच किलपाकचे आधुनिक वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. सिद्ध वैद्यकासाठी स्वतंत्र महाविद्यालय 1964 मध्ये पाळयंकोट्टै येथे सुरू झाले. चेन्नईजवळच्या तांबरमची राष्ट्रीय सिद्ध संस्था 2005 ची, आणि संशोधनासाठी वेगळी केंद्रीय परिषद 2010 ची. समुद्रापलीकडे श्रीलंकेत जाफना विद्यापीठाने 1984 पासून हा विषय शिकवला आहे. म्हणजे इमारती, पदव्या आणि साडेपाच वर्षांचा बी. एस. एम. एस. हा सिद्ध वैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम हे सारे आता आहे. तुमच्या समितीने तास वाढवायचे की कमी करायचे यावर फार वेळ घालवू नये, असे मला वाटते. त्या तासांत विद्यार्थी काय लिहून ठेवतो, याकडे पाहा.

पहिली नोंद पाठाची. सिद्धांचे ग्रंथ तमिळ पद्यात आहेत आणि ताडपत्रांवर उतरलेले आहेत. पान फाटू नये म्हणून लेखक व्यंजनावरचा बिंदू सहसा देत नसत, ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांतला फरक दाखवत नसत, शब्द तोडत नसत. तुझ्या घरात मोडी कागद आहेत, त्यामुळे तुला हे वेगळे सांगायला नको. मोडीतही इ-उ ऱ्हस्व की दीर्घ हे संदर्भावरूनच ठरवावे लागते आणि शब्द एकमेकांना चिकटून येतात. त्यावर सिद्धांची परिभाषा मुद्दाम झाकलेली, एका शब्दामागे दोन-तीन द्रव्ये दडलेली. आजचा विद्यार्थी छापील पुस्तकातला एकच पाठ घोकतो आणि त्या ओळीचा दुसरा पाठ असू शकतो हे त्याला पदवी मिळेपर्यंत कळत नाही. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडून निदान दहा पद्ये ताडपत्राच्या प्रतिमेवरून वाचून घे, पाठभेद लिहायला लाव, आणि अर्थ का निवडला याचे कारण दोन ओळींत मांडायला सांग. तमिळ ज्यांची मातृभाषा नाही अशा मुलांनाही यातून वगळू नकोस. त्यांनी तमिळ शिकावे, कारण इंग्रजी भाषांतरातून सिद्ध वैद्यक शिकलेला माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचत राहतो.

दुसरी नोंद द्रव्याची, आणि इथे मला जरा जास्त बोलू दे, कारण हा माझा विषय. करिसलांगण्णि हा तमिळ शब्द घे. या एका नावाच्या वनस्पती दोन. आपण ज्याला माका म्हणतो तो पांढऱ्या फुलाचा, आणि पिवळ्या फुलाचा वेगळा. आपल्याकडेही त्याला पिवळा माकाच म्हणतात. दोन्ही ओल्या जागी वाढतात, दोन्ही एकाच कुळातले, पण वनस्पती दोन. पद्यात नुसते नाव आले तर कोणता घ्यायचा? रास्ना या औषधीचे तर विचारूच नकोस: उत्तरेत एक झुडूप, बंगालात झाडावर वाढणारे ऑर्किड, दक्षिणेत कुळिंजनाच्या जातीचे कंद. मी नोकरीला लागले त्या महाविद्यालयात रास्नेच्या तीन बरण्या होत्या, तीन दुकानांतून आलेल्या, तिन्हींत वेगळे द्रव्य, आणि आम्ही मुलांकडून श्लोक मात्र एकच पाठ करून घेत होतो. त्या वर्षी तिथून जे काढे रुग्णांना गेले त्यांच्याबद्दल आज काहीच सांगता येणार नाही, कारण कोणत्या बरणीतून काय घेतले हे कुणी लिहिलेच नव्हते. ही खंत मला अजून आहे. म्हणून तुझ्या विभागात द्रव्य आले की त्याचा नमुना वाळवून कागदावर चिकटवला जावा, गोळा केल्याचे ठिकाण, ऋतू आणि वापरलेला भाग त्यावर लिहिला जावा, आणि औषधाच्या बाटलीवर त्या नमुन्याचा क्रमांक असावा. कबसुर कुडिनीर या सिद्ध काढ्यात पंधरा द्रव्ये आहेत. सुंठ, पिंपळी, लवंग, हिरडा, अडुळसा, गुळवेल ही मराठी स्वयंपाकघरालाही ओळखीची. 2020 च्या साथीत हा काढा मोठ्या प्रमाणावर वाटला गेला. अशी वेळ पुन्हा येईल तेव्हा कोणत्या काढ्यात नेमके काय होते हे तुझ्या विद्यार्थ्याला क्रमांकावरून सांगता आले पाहिजे.

तिसरी नोंद भट्टीची. पर्पम, चेंदूरम, चुण्णम ही भट्टीत भाजून केलेली भस्मासारखी औषधे पुस्तकातून शिकता येत नाहीत. भांडे बंद करणारी कपडमाती (मातीत भिजवलेले फडके) किती जाड, गोवऱ्या किती, आच किती वेळ, हे हातालाच कळते, आणि ते हात बहुतेक वेळा महाविद्यालयाबाहेरच्या परंपरागत वैद्यांचे असतात. त्यांना व्याख्यानाला बोलावून शाल देऊन परत पाठवू नका. वर्षातले दोन महिने मानधन देऊन औषधनिर्मिती कक्षात बसवा, आणि विद्यार्थ्याने त्यांच्या शेजारी तापमापक व वही घेऊन बसावे. पारा, गंधक, पाषाण (सोमलासारखी खनिजे) वापरणाऱ्या विद्येवर विषारीपणाचा आक्षेप येतो तेव्हा रागावून काही साधत नाही. मुक्त पारा किती उरला, धातू कोणत्या संयुगात आहे, रुग्णाचे यकृत आणि मूत्रपिंड औषधाआधी व नंतर कसे आहे, याची तपासणी महाविद्यालयानेच करावी, आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करावा. नंजु मरुत्तुवम् म्हणजे विषचिकित्सा हा तुमचाच विषय आहे. त्याच्या शिक्षकांना गुणपाडम् विभागाच्या दारात उभे राहून तिथली औषधे तपासण्याचा अधिकार समितीने द्यावा.

निदानाबद्दल थोडक्यात. सकाळच्या मूत्रावर तेलाचा थेंब सोडला की तो सापासारखा लांबला तर वात, कड्यासारखा पसरला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ, ही नैक्कुरि नावाची परीक्षा तू मला दाखवली होतीस. दोन विद्यार्थ्यांनी एकच थेंब, एकमेकांशी न बोलता पाहावा, लिहावा, आणि मगच गुरूंनी आपले मत सांगावे. नाडीचेही तसेच. दहा वर्षे अशी वही चालली तर कोणत्या परीक्षेत दोन माणसांचे किती वेळा जुळते हे कळेल, आणि जिथे जुळत नाही तिथे शिकवण्याची पद्धत बदलता येईल.

2022 साली तमिळनाडूच्या विधानसभेने स्वतंत्र सिद्ध विद्यापीठाचे विधेयक मंजूर केले आणि ते संमतीसाठी अडकले, याचे तुला फार वाईट वाटते हे मी जाणते. विद्यापीठ व्हावे असे मलाही मनापासून वाटते. पण वर लिहिलेल्या कामांपैकी एकासाठीही कुणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

आणि हे सारे परके आहे असे कुणी म्हणाले तर त्याला तंजावरला घेऊन जा. सरफोजीराजे दुसरे यांनी धन्वंतरी महालात सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यांना एकत्र बसवले, औषधांचे योग तपासून घेतले आणि ते तमिळ पद्यांत रचून घेतले. शरभेंद्र वैद्य या नावाने ते ग्रंथ आजही छापलेले मिळतात. डोळ्यांच्या रुग्णांची त्यांनी ठेवलेली टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मराठी राजा, तमिळ पद्य, आणि प्रत्येक रुग्णाचा वेगळा कागद. तुझे पूर्वज त्याच गावातले.

पहिल्या वर्षाच्या मुलांना यंदा तिथे ने. आणि येताना कावेरीकाठचा पिवळा माका फुलासकट वाळवून माझ्यासाठी एक नमुना पाठव. माझ्याकडचा कोकणातला आहे, दोन्ही शेजारी ठेवून पाहीन.

अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाई