हिमोफिलियाची कॅरियर असलेल्या बाईला स्वतःला त्रास होतो का? तिचा दुसरा एक्स क्रोमोसोम तर चांगला असतो ना?

हो, होऊ शकतो, आणि हे मी ठासून सांगतेय कारण आमच्या घरात झालंय. भाच्याला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर ८ नावाचं प्रोटीन कमी पडतं. त्याचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. तपासणीत ताई कॅरियर निघाली, म्हणजे तिच्या दोनपैकी एका एक्सवर तो जीन बिघडलेला आहे. तिची पाळी दहा-दहा दिवस चालायची, अक्कलदाढ काढली तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी उशीचा अभ्रा लाल झालेला, तरी जो तो म्हणायचा कॅरियरला काही होत नसतं. शेवटी फॅक्टर ८ मोजला तर २८ टक्के! नॉर्मल साधारण ५० ते १५० धरतात, ५ ते ४० म्हणजे सौम्य हिमोफिलियाच.

आता तुमचा मुद्दा, चांगला एक्स सांभाळून का घेत नाही. तर बाईच्या एका पेशीत दोन्ही एक्स पूर्ण चालू नसतातच. पुरुषाचं एकाच एक्सवर भागतं, मग बाईला डबल डोस नको म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी आपला एक एक्स बंद करते. जो बंद व्हायचा त्याच्यावरच एक्सआयएसटी नावाच्या जीनपासून लांबलचक आरएनए बनतो, तो त्याच क्रोमोसोमवर पांघरुणासारखा पसरतो आणि सगळं आवळून गोळा होतं. मायक्रोस्कोपखाली तो ठिपका दिसतो, बार बॉडी म्हणतात, १९४९ मध्ये मांजरीच्या चेतापेशींत पहिल्यांदा लक्षात आला. (थोडे जीन्स यातून सुटतात, ते सध्या सोडा.)

आईकडचा बंद होणार की बाबांकडचा, हे निव्वळ नशीब. पण एकदा ठरलं की त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशी तेच पाळतात. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या ठिपकेदार केसांवरून हे मांडलं. काळ्या-केशरी मांजरीचे पट्टे नीट बघा, केशरी जिथे आहे तिथे एक एक्स चालू, काळं तिथे दुसरा. ताईच्या लिव्हरमध्येही असेच पट्टे आहेत, फक्त दिसत नाहीत. फॅक्टर ८ मुख्यतः तिथेच बनतो, आणि रक्तात किती येणार हे चांगला एक्स किती पेशींत चालू राहिला त्यावर. सरासरी निम्मा, पण निवड होते तेव्हा पेशी मोजक्याच असतात, दहा वेळा नाणं उडवलं तर पाच-पाचच पडेल असं थोडंच आहे, म्हणून कुणाला ८० तर कुणाला २८.

त्यामुळे घरात कुणाला हिमोफिलिया असेल तर बायकांचीही फॅक्टर टेस्ट करून घ्या. नुसता एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) नॉर्मल आला म्हणून सोडू नका, सौम्य असेल तर तो नॉर्मल येऊ शकतो. ऑपरेशन, दाढ, बाळंतपण याच्या आधीच हेमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरला, सांगा. गरोदरपणात फॅक्टर ८ वाढतो आणि बाळंतपणानंतर परत खाली येतो, खरी काळजी तेव्हाच.

भाचीचा फॅक्टर ८ आम्ही पाळी सुरू व्हायच्या आधीच मोजून घेतला, ६१ आला. पण आकडा चांगला म्हणजे ती कॅरियर नाही असं होत नाही, त्याला जीन टेस्टच लागते. ती करायची का, हे मोठी झाली की तिचं ती ठरवेल.