बाभळीचं लाकूड आणि चेनसॉची धार

प्रश्न : वाळलेली बाभूळ कापताना चेन अर्ध्या तासात बोथट होते. कानस मारली तरी भुसाच पडतो. काय करावं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बाभूळ टणक खरीच, पण धार खाते ती माती. सालीच्या भेगांत रुतलेली माती कापायच्या रेघेवर तारेच्या ब्रशने आधी काढा. ओंडका आडव्या लाकडांवर ठेवा. चेन जमिनीला एकदा टेकली तरी धार गेलीच.

छिलक्यांऐवजी भुसा पडतो, कारण घासणं अपुरं राहतं. दाताच्या वरच्या बाजूला क्रोमचा पातळ थर असतो. बोथट दात उजेडात धरा, धारेच्या कडेला बारीक चकाकती रेघ दिसेल, तीच बोथट झालेली कड. ती पूर्ण जाईपर्यंत घासा. तुमच्या चेनचा पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप) ०.३२५ इंच असेल तर ४.८ मिमीची गोल कानस घ्या. बहुतेक चेनना ३० अंशांचा कोन लागतो. आतून बाहेर, एकाच दिशेने. परत आणताना कानस उचला. दात लहानमोठे राहिले तर काप तिरका जातो. डेप्थ गेज (दाताच्या पुढचा छोटा उंचवटा) धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा, जास्त उतरवलात तर करवत झटके मारते.

पुढे इंधनाच्या दर टाकीला प्रत्येक दातावर कानसीचे दोन-तीन हात पुरतात. इंजिन बंद आणि हातमोजे घालूनच.