ब्रेड मशीन घ्या, पण भिशी लागल्यावर

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपासून त्या घरी दालचिनीचे गोड रोल करतात आणि सोसायटीत आठवड्याला दोन घाणे विकतात. हल्ली मळताना मनगट दुखतं, म्हणून 16,500 रुपयांचं ब्रेड मशीन 9 हप्त्यांवर घ्यायचं मनात आहे. एका घाण्याच्या बारा रोलना साहित्य 190 रुपयांचं लागतं आणि सहाचा डबा 300 रुपयांना जातो. खोकी आणि वीज धरून पंचेचाळीसेक घाण्यांत मशीनचे पैसे सुटतात, असं त्यांनी लिहिलंय. घरखर्च महिना 38,000, अडीअडचणीला बँकेत 45,000, शिवाय महिना 2,000 रुपयांची दहा जणींची भिशी आहे आणि त्यांचा नंबर तीन महिन्यांनी आहे.

ताई, तुमचा हिशोब मी पुन्हा मांडून पाहिला. दोन डब्यांचे 600, त्यातून साहित्याचे 190, खोक्यांचे 30 आणि विजेचे साधारण 15 वजा केले की 365 उरतात. आकडा बरोबर आहे. पण हे 365 मशीन मिळवून देणार नाही. ते आजही, हाताने मळून, तुम्हाला मिळतातच. मशीन नसतं तर जे झालं नसतं, फक्त तेवढंच त्याच्या खात्यात धरायचं.

ते किती? 'डो'च्या, म्हणजे नुसतं पीठ मळायच्या, प्रोग्रॅमवर मशीन दीडेक तासात पीठ मळून, एकदा फुगवून देतं. पुढचं लाटणं, लोणी-साखर-दालचिनी पसरणं, गुंडाळी करून कापणं, पुन्हा फुगू देणं आणि ओटीजीत, म्हणजे छोट्या ओव्हनमध्ये, भाजणं तुमच्याच हाती राहतं. घाण्यामागे तुमची पंचवीस मिनिटं वाचतील असं धरू. आठवड्याला दोन घाण्यांचे वर्षाला सुमारे 43 तास होतात. मशीन एकच वर्ष वापरलं तर वाचलेला प्रत्येक तास 380 रुपयांना पडला. पाच वर्षं चाललं तर 76 रुपयांना. म्हणून ते पाच वर्षं ओट्यावर राहील का, की वर्षभरात माळ्यावर जाईल, हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे. माल वाढेल या आशेवर घेऊ नका. घरगुती मशीनच्या भांड्यात एका वेळी अर्धा किलोच्या आसपासच मैदा मावतो, म्हणजे तुमचा तो एकच घाणा. रात्री टायमर लावून सकाळी पीठ तयार, हेही गोड रोलना जमत नाही. दूध आणि अंडं रात्रभर बाहेर ठेवायचं नसतं.

एवढं असूनही मी नको म्हणत नाही, ते मनगटासाठी. दुखण्यापायी रोल करणंच थांबणार असेल, तर मात्र ते 365 पूर्णपणे मशीनच्या खात्यात जमा होतात आणि तुमचा पंचेचाळीस घाण्यांचा हिशोब खरा ठरतो. हे तुम्हालाच ठरवावं लागेल. आधी डॉक्टरांना मनगट दाखवा; तो खर्च मशीनच्या आधीचा. लाटताना आणि कापताना दुखतं की फक्त मळताना, हेही नीट पाहा. लाटतानाही दुखत असेल तर मशीन अर्धंच कामाचं.

हप्त्यांना माझा स्पष्ट नकार आहे. 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी, म्हणतात, पण रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुतेक वेळा तिथे मिळत नाही, प्रोसेसिंग फी लागते, आणि बँक जे व्याज दाखवते त्यावर 18 टक्के जीएसटी आपल्याच माथी येतो. हप्ता 1,833 रुपयांचा आणि तुमची महिन्याची कमाई 2,900च्या आसपास. श्रावणात अंडं घातलेले रोल किती घरं घेतील? मागणी महिनाभर थांबेल, हप्ता थांबणार नाही. हप्ते क्रेडिट कार्डावर असले आणि एखादा चुकला तर व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात जातं. बँकेतल्या 45,000 ना हातही लावू नका, ते जेमतेम सव्वा महिन्याचा घरखर्च आहेत.

भिशीचे 20,000 तीन महिन्यांनी येतील, त्यातून रोखीने घ्या. तोवर मिक्सरबरोबर कणीक मळायचं भांडं आलं असेल तर ते काढा. त्यात निम्मं निम्मं पीठ करून पाहा, काही मिनिटांत मळलं जातं. किंवा पीठ नुसतं कालवून झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. बराचसा चिवटपणा वेळच आणून देतो, हाताला थोडंच काम उरतं. या तीन महिन्यांत प्रत्येक घाणा वहीत लिहा, न खपलेले रोलसुद्धा. अंड्याविना एखादा घाणा करून गिऱ्हाईक कसं येतं ते बघा. आणि विक्री करताच आहात तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या. तिची फी लागत असेल तर तीही वहीत धरा.

वापरलेलं मशीनही चालेल. हौसेने घेऊन चार वेळा वापरलेली मशीनं निम्म्या किमतीत मिळू शकतात. तसं मिळालं तर पैसे देण्याआधी अर्धा किलो मैदा सोबत नेऊन समोर मळून बघा. भांड्याचा आतला लेप खरवडलेला नाही ना आणि मळायचं पातं सुटं विकत मिळतं ना, एवढं विचारून घ्या. पातं झिजलं आणि बाजारात नसलं, तर मशीन चालू असूनही पीठ हातानेच मळावं लागेल.