निधी देणाऱ्या प्रतिष्ठानात कार्यक्रम अधिकारी म्हणून रुजू होताना कोणते प्रशिक्षण घ्यावे?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन आपण एका प्रतिष्ठानात रुजू होत आहात, काम विदर्भातील आदिवासी गावांत अनुदान देण्याचे आहे आणि प्रशिक्षणासाठी संस्थेने ठेवलेली रक्कम कोणत्या अभ्यासक्रमावर खर्च करावी, असे आपण विचारले आहे. अशाच नोकरीत मी चौदा वर्षे काढली आहेत. माझे मत असे की, ती रक्कम अभ्यासक्रमापेक्षा मुक्कामावर खर्च करावी.

आपल्या कामातली मुख्य अडचण ही की, पैसे देणाऱ्याला कोणी खरे सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिल महिन्यात, गडचिरोली जिल्ह्यातील एका गावात मी सकाळी आठची बैठक ठरवली होती. बचत गटाच्या सगळ्या महिला वेळेवर आल्या, माझ्यासाठी गावातली प्लास्टिकची एकुलती एक खुर्ची मांडली गेली आणि ‘काही अडचण आहे का’ या माझ्या प्रश्नाला ‘नाही जी’ एवढेच उत्तर मिळाले. परतीच्या वाटेवर आमचे अनुदान घेणाऱ्या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्याने सांगितले की, मोहफुले पहाटे गळतात, ऊन चढण्याआधी वेचली नाहीत तर गुरे खातात आणि काही आठवड्यांच्या त्या हंगामातली एक सकाळ माझ्या बैठकीत गेली. अहवालात मी ‘उत्स्फूर्त सहभाग’ असे लिहिले होते.

म्हणून पहिल्या वर्षात एखाद्या गावी दहा-बारा दिवस सलग राहावे, तेही आपल्या निधीशी संबंध नसलेल्या गावी. गोंडी किंवा माडिया ही तिथली आदिवासी भाषा निदान कानाला ओळखीची व्हावी. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क, मिळाला. तेथे एखादा विषय आधी अभ्यासगटात उलटसुलट तपासला जातो आणि निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. या पद्धतीला लागणारा वेळ एकदा प्रत्यक्ष पाहिला, की ‘31 मार्चच्या आत ठराव पाठवा’ असा ईमेल लिहिताना हात आपोआप थांबतो.

दुसरा मुक्काम अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या हिशेबनिसाशेजारी करावा. हा सल्ला सहसा कोणी देत नाही. निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाला हे दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रातल्या एका रकान्यासाठी मी एकदा कागद परत पाठवले, त्यामुळे पुढचा हप्ता लांबला आणि चार क्षेत्र-कार्यकर्त्यांचे दोन महिन्यांचे पगार अडकले, हे मला अशाच एका टेबलाशी बसल्यावर कळले. त्या हिशेबनीस बाईंनी तक्रार केली नव्हती. केवळ उधारीची वही दाखवली.

कायद्याची माहिती मात्र रीतसर करून घ्यावी, त्याला दोन-तीन दिवस पुरतात. कंपनी कायद्याच्या कलम 135 खालील सीएसआर निधीत, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी खर्च करायच्या निधीत, प्रशासकीय खर्चावर असलेली 5 टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. अनेक अधिकारी ती अनुदान घेणाऱ्या संस्थेला लावतात आणि तिच्या हिशेबनिसाचा पगार अंदाजपत्रकातून कापतात. परदेशी निधीचे गणित वेगळे आहे: एफसीआरए या परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यास मनाई केली. शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फत गावपातळीवरच्या लहान मंडळांपर्यंत जाणारा रस्ता त्यामुळे बंद झाला. प्रस्ताव नाकारताना हे कारण समोरच्याला स्पष्ट मराठीत सांगता आले पाहिजे.

प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम अगदीच निरुपयोगी नाहीत, फक्त ते दोन वर्षांनी करावेत. आपल्या वरिष्ठांना ‘मुक्काम’ हा खर्च प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली दाखवता येत नाही असे वाटले, तर नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वीच तो लेखी मंजूर करून घ्यावा. रुजू झाल्यावर भेटींचे वेळापत्रक हाती पडते आणि मग एका गावाच्या वाट्याला दीड तास येतो.