नामांकित कंपनीची चाकूंची स्वस्त मालिका रोजच्या कामाला चालेल का?

प्रश्न : मी गोदामात काम करतो. दिवसभर खोकी फोडणं, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि दोऱ्या कापणं चालू असतं. स्पायडर्को कंपनीचा डेलिका हा घडीचा चाकू घ्यायचं मनात आहे, पण तो हरवला तर दुसरा घेणं जमणार नाही. त्याच कंपनीच्या बर्ड मालिकेतला मेडोलार्क २ बराच स्वस्त आहे आणि दिसायलाही जवळपास तसाच. मग पैसे नेमके कशाचे वाचतात? आणि तो टिकेल का?

उत्तर : टिकेल, आणि तुमच्या कामासाठी तोच घ्या. दोन्ही चाकूंची मापं जवळची आहेत आणि दोन्हींचं लॉक मुठीच्या पाठीवर आहे. डेलिका जपानमधल्या सेकी शहरात बनतो आणि नेहमीच्या डेलिकाला व्हीजी-१० स्टीलचं पातं असतं. मेडोलार्क चीनमध्ये बनतो, त्याचं स्टील ८सीआर१३एमओव्ही. या स्टीलमध्ये कार्बन साधारण ०.८ टक्के आणि क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास असतं. कडकपणा रॉकवेल मापावर बहुधा ५७ ते ५९ येतो, व्हीजी-१०चा ६०च्या आसपास. म्हणजे पैसे वाचतात ते स्टील, मजुरी आणि फिनिशिंगमध्ये.

आता हा फरक तुमच्या कामात किती जाणवेल? पुठ्ठ्यात मातीचे आणि वाळूचे सूक्ष्म कण असतात, ते कुठलीही धार झिजवतात. व्हीजी-१०ची धार थोडी जास्त चालेल, पण दगडावर दोघांनाही यावंच लागणार. तिथे साधं स्टील तुमच्या बाजूचं आहे, कारण ते साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत तयार होतं. एम३९०सारख्या महागड्या स्टीलला हिऱ्याची पट्टी नसेल तर घासून हात दुखतात. ज्याला रात्री घरी बसून स्वतःच धार लावायची आहे, त्याने याचा विचार आधी करावा.

स्टीलपेक्षाही महत्त्वाची आहे धारेमागची जाडी. धारेच्या लगेच वर पातं ०.४ ते ०.५ मिमी असेल तर ते पुठ्ठ्यातून सरळ निघतं. तेच ०.८ मिमी असेल तर कितीही धार लावा, पातं अडकतं आणि सगळा जोर मनगटावर येतो. स्वस्त मालिकांमध्ये ही जाडी नगागणिक बदलते, म्हणून दोन-तीन नग समोर ठेवून निवडता आले तर जरूर निवडा.

सुरुवातीला धार आठवड्याभरात गेली तर चाकूला नावं ठेवू नका. कारखान्यात पट्ट्यावर घासताना धारेची अगदी कड तापते आणि तेवढीच मऊ पडते. दोन-तीनदा धार लावली की ती कड निघून जाते आणि खालचं चांगलं स्टील वर येतं.

धार लावताना कोन प्रत्येक बाजूला २० अंश ठेवा. पातं २५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण साडेआठ मिमी उचलावी लागते. धार अगदीच गेली असेल तर ४०० ग्रिटच्या दगडापासून (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) सुरुवात करा, नाहीतर थेट १००० घ्या. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत सलग बर (धारेवर वळलेली धातूची बारीक कड) उठली की मगच पातं उलटा. बर बघायला अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेबाहेर सरकवा. धारेच्या लांबीवरून कधीच नको. मग हाताचा जोर कमी करत दोन्ही बाजूंना पाच-पाच, तीन-तीन आणि शेवटी एक-एक घासा. या स्टीलची बर चिवट असते. ती राहिली तर धार हाताला तेज लागते आणि दहाव्या खोक्यावर दुमडते. चामड्यावर थोडं ओढलंत की ती निघते. आरशासारखी चकाकी मात्र नको, कारण दोरी आणि पट्टीला किंचित खरखरीत धारच पकडते. १०००वर थांबा.

प्रश्न : माझ्याकडे एका मोठ्या कंपनीच्या स्वस्त मालिकेतला, बिजागरीत बॉल बेअरिंग असलेला आणि डी२ स्टीलच्या पात्याचा चाकू आहे. मी जिप्सम बोर्ड बसवतो. नवा होता तेव्हा बोटाने उघडायचा, आता करकरतो आणि पात्यावर तांबूस ठिपके आलेत. माल खराब निघाला का?

उत्तर : माल खराब असेलच असं नाही, तो तुमच्या कामासाठी नाही. बेअरिंग झटक्यात उघडण्यासाठी छान, पण गोळ्यांमधल्या फटीत जिप्समची पूड जाऊन बसते. साध्या कांस्याच्या वॉशरला एवढी जागाच नसते, म्हणून धुळीच्या कामाला तेच बरे. ठिपक्यांचं कारण स्टीलमध्ये आहे. डी२मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं, तरी त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलेलं असतं आणि गंजाशी लढायला थोडंच उरतं. घाम आणि ओली पूड त्याला पुरते.

चाकूचे भाग सुटे न करता कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यात तो वीस-पंचवीसदा उघड-मीट करा. मग स्वच्छ पाण्यात खळबळा, फुंकून पाणी काढा, पूर्ण वाळू द्या आणि बिजागरीत तेलाचा एकच थेंब सोडा. जास्त तेल धूळ ओढून घेतं. भाग सुटे करायची वेळ आलीच तर बहुतेक चाकूंना टी६ आणि टी८ मापाचे टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचे) पाने लागतात. स्क्रू हलत नसेल तर जोर करू नका, त्याची खाच घासली जाते. सोल्डरिंगच्या कावियाचं गरम टोक अर्धा मिनिट स्क्रूवर टेकवा, आतला गोंद सैल होतो.

लॉकची पट्टी जिथे पात्याला टेकते ती जागा रोज कापडाने पुसा. तिथे पूड साचली तर लॉक अर्धवट बसतं आणि पातं बोटांवर मिटू शकतं. बोर्ड कापायला मात्र बदलत्या पात्यांचा कटर वापरा, जिप्सम कुठल्याच चांगल्या धारेला सोडत नाही.

प्रश्न : लायनर लॉकचा (मुठीच्या आतली धातूची पट्टी पात्यामागे येऊन ते अडवते असा) चाकू घेताना काय तपासावं?

उत्तर : पातं पूर्ण उघडून लॉकची पट्टी बघा. तिने पात्याच्या बुडाचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग धरलेला असावा. नुसत्या कडेला टेकली असेल तर नको. पार पलीकडे गेली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. मिटलेला चाकू टोक खाली करून झटका, पातं बाहेर येता कामा नये. पातं बाजूला हलत असेल तर पिव्होट स्क्रू (पातं ज्यावर फिरतं तो) अगदी थोडा, जेमतेम अर्धा-पाव आटा आवळून बघा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. मग बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर हळूहळू दाब द्या. टेबलावर आपटून बघू नका, त्याने चांगलं लॉकही बिघडतं. दाबल्यावर पट्टी सरकली तर तो नग परत करा. हा दोष स्क्रू आवळून जात नाही.